लॉट सातपासून

३ सप्टेंबर

चि. खारू,

तुझं पाकीट काल दुपारी आलं. हाताला जाड लागलं. चार वर्षांत माझ्या वाळवलेल्या झेंडूची पिशवी पोचली की तुझं पत्र म्हणजे एक ओळ, ‘लॉट मिळाला, वजन बरोबर.’ या वेळी दीड पान. उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, मग चष्मा पुसून परत.

मला समजलं ते लिहितो, चुकत असेल तर सांग. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. तुमच्या सरांनी दुसऱ्या एका बागेतून झेंडू आणला. त्याचा अर्क तुम्ही माझ्या फुलांचा काढता तसाच काढला. कागदाची चकती त्यात बुडवून जंतू वाढवलेल्या ताटलीत ठेवली. माझ्या फुलांची चकती ठेवली की तिच्याभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ वर्तुळ पडतं. या फुलांना ते पडलंच नाही, जंतू चकतीला खेटून वाढले. म्हणून तुझ्या शेजारच्या टेबलावरची बाई म्हणते की तू आकडे मनाने लिहिलेस. बावीस तारखेला चौकशी समिती बसणार. तिने तुला खोटं ठरवलं तर नोकरी जाईल, नाव जाईल. भाजलेल्यांच्या वॉर्डात या अर्काचं तुझं मलम लावून बघायचं ठरत होतं, तेही जाईल.

आणि शेवटी तू विचारलंस, ‘सातव्या लॉटपासून तुम्ही काही वेगळं केलंत का? खरं लिहा.’

काही केलेलं नाही. दव उडालं की तोडतो. देठ काढतो. धुतो. जाळीच्या ताटांवर एकेरी पसरतो, मागच्या खोलीत, पडदा ओढून, पंखा लावून. बोटांत धरल्या धरल्या चुरा व्हावा इतकी वाळली की वजन करून कागदी पिशवीत भरतो. पहिल्या लॉटपासून हेच चाललं आहे. तू लिहून दिलेला कागद भिंतीला डकवलेला आहे, त्याचा एक कोपरा सुटला होता तोही परवा चिकटवला.

त्या बाईंचा तुझ्या खुर्चीवर डोळा असणार. आमच्या दवाखान्यातही असे लोक होते. तू जेवणखाण सोडू नकोस.

बाबा

ता. क. दुसऱ्या बागेची माती कशी आहे ते विचारलंस का? मातीने फार फरक पडतो.


६ सप्टेंबर

चि. खारू,

पत्र पेटीत टाकलं आणि हात तसाच पेटीत राहिला. ‘धुतो’ असं मी एकाच शब्दात उरकलं, ते मनाला लागून राहिलंय. तू बारकाईने विचारलं होतंस, म्हणून बारकाईने लिहितो.

जाळीची ताटं मी प्रत्येक लॉटच्या आधी धुतो. आधी साबणाने आणि मग थोडं जंतुनाशक घातलेल्या पाण्याने. एकतीस वर्षं दवाखान्याची हत्यारं उकळायच्या खोलीत काढली, हाताला वळण पडलंय ते जात नाही. ताट नंतर पार वाळतं, मगच त्यावर फुलं पडतात. तेव्हा त्याचा फुलांशी संबंध नाही. तरी तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं.

काल शेजारच्या शिंपीणबाई फुलं तोडायला आल्या होत्या. अजूनही दर आठवड्याला येतात, तोडतात कमी, बोलतात जास्त.

“भाऊ, लेकीचं पत्र आलं म्हणे. जाड होतं.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“पोस्टमनने. काय म्हणते?”

“बरी आहे.”

“दीड-दोन पानं लिहून माणूस बरं नसतं, भाऊ. बरं असलेलं माणूस दोन ओळींत आटपतं.”

मग त्यांनी बोट दाखवलं. मागच्या आठवड्यात कात्रीने चांगलं खोल कापलं होतं. म्हणाल्या, “तेव्हा तुमच्या फुलांच्या बादलीत बुडवलं, त्या फेसाच्या पाण्यात. दोन दिवसांत खपली धरली. फुलांत गुण आहे हो. कात्री चालवणाऱ्या बाईचं बोट म्हणजे काय असतं ते तुमच्या लेकीच्या साहेबाला सांगा.”

तेव्हा बघ, फुलांत गुण आहेच. हे तू समितीला सांगू शकतेस. शिंपीणबाई सही करायला तयार आहेत.

बाबा


११ सप्टेंबर

चि. खारू,

तुझं उत्तर आलं. दोनच ओळी.

‘तुमचं तीन तारखेचं पत्र मी समितीला पुरावा म्हणून दिलं आहे. बादलीत फेस कशाचा?’

ते पत्र देण्याआधी मला विचारायला हवं होतंस. म्हणजे, तू विचारूनच तर मी लिहिलं होतं. तरी ते घरातलं पत्र होतं. त्यात मी दुसऱ्या बाईंबद्दल वेडंवाकडं लिहिलं आहे, ते पाच माणसं वाचणार.

फेस असा, की ताटं धुतलेल्या बादलीतच कधीकधी फुलं धुतली गेली असतील. बादली नीट विसळली नसेल. वयाने होतं. एखाद्या लॉटला. फार तर दोन.

आज हवा इतकी दमट आहे की आगपेटीच्या काड्या पेटत नाहीत. पंखा चोवीस तास चालू ठेवला आहे. मधूनमधून जाऊन फुलांना हात लावून बघतो. वास घेतो. आज काही खाल्लं नाही, पण ते सहज, भूक नव्हती.

शिंपीणबाईंना मी नुसतं एवढंच विचारलं, की समजा एखाद्याने चांगल्यासाठी काही केलं आणि ते सांगायचं राहून गेलं, तर. त्या दाराशीच थबकल्या.

“राहून गेलं की ठेवलं?”

“राहून गेलं.”

“किती दिवस?”

“झाली दोन-तीन वर्षं.”

“मग ठेवलंय, भाऊ. राहून गेलेलं माणसाला इतकं आठवत नाही.” आणि जाता जाता म्हणाल्या, “तुम्ही लिहिणार की मी लिहू? माझं अक्षर घाण आहे, पण पोचेल.”

मी उद्या लिहितो.

बाबा


१४ सप्टेंबर

चि. खारू,

उद्या म्हणालो होतो आणि तीन दिवस गेले. पाच कागद फाडले. हा फाडणार नाही.

सातव्या लॉटपासून अठराव्या लॉटपर्यंत प्रत्येक लॉटची फुलं मी जंतुनाशकाच्या पाण्यात धुतली. ताटं नव्हे, फुलं. अर्धा तास बुडवून ठेवायचो. नंतर साध्या पाण्यातून काढली नाहीत. दवाखान्यातून निवृत्त होताना स्टोअरवाल्याने पाच लिटरचा कॅन दिला होता, तेच फिकट पिवळं औषध. हत्यारांसाठी एका बादलीला एक झाकण असं प्रमाण होतं. मी दोन झाकणं घालायचो. फुलाची वाटी खोल असते, आतपर्यंत पोचावं म्हणून.

का केलं ते सांगतो. त्याने काही कमी होत नाही, पण तू विचारशील.

सहावा लॉट आठवतो का? दमट दिवस होते. झेंडूचं फूल वरून कुरकुरीत वाळतं आणि खाली वाटीत ओल राहते. मी वरूनच बघितलं. तुझ्याकडे पोचेपर्यंत आत बुरशी धरली. तू पिशवी परत पाठवलीस, वर चिठ्ठी, ‘निरुपयोगी. फेकून द्या. पुन्हा असं झालं तर दुसरीकडून घ्यावी लागतील.’ चिठ्ठीत चूक काही नव्हती. मी दवाखान्यात असतो तर मीही हत्यारांची पेटी परत पाठवली असती. पण तुझ्या आईच्या हाताने लावलेला वाफा, तिच्याच बियाण्याची फुलं, आणि तेवढ्याच एका कारणाने तू मला वर्षातून चार-पाच ओळी लिहीत होतीस. त्या बंद झाल्या असत्या.

म्हणून सातव्याला औषध घातलं. बुरशी आली नाही. मी मनात म्हटलं, स्वच्छच तर केलंय, यात सांगायचं काय. इथपर्यंत मला खरंच काही कळत नव्हतं. औषध वाळून फुलात राहतं, तुम्ही अर्क काढलात की तेही उतरतं, चकतीवर जातं आणि तेच जंतू मारतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. शपथ घेऊन सांगितलं असतं, पण माझ्या शपथेचं तू काय करणार.

मग तुझा फोटो आला. ताटली, मधे चकती आणि भोवती ते मोठं स्वच्छ वर्तुळ. मागे लिहिलं होतंस, ‘बाबा, बघा!’

आई गेल्यापासून तोवर तू मला बाबा म्हटलं नव्हतंस. पाकिटावर नुसता पत्ता असायचा.

फोटो बघितला आणि दहाव्या मिनिटाला मला कळलं. एकतीस वर्षं ते औषध काय करतं हे बघितलेला माणूस मी. असल्या ताटल्या आमच्याकडेही तपासायला यायच्या. मी ओळखलं, आणि फोटो कपाटात कागदाखाली ठेवला. आठव्या लॉटला परत दोन झाकणं घातली.

म्हणजे सातवा लॉट चूक होती. आठव्यापासून चूक नाही.

तुझे आकडे खरे आहेत. तू काही मनाने लिहिलेलं नाहीस. हे पत्र समितीला दे, तीन तारखेच्या पत्राच्या वर ठेव.

बाबा


१६ सप्टेंबर

चि. खारू,

चौदाचं पत्र रजिस्टर केलं आहे, पावती जपून ठेवली आहे. पोचलं की नाही ते कळायला मार्ग नाही. पोस्टातल्या माणसाला दोनदा विचारलं. तो म्हणाला, “काका, पत्र गेलं. तुम्हीपण जा आता.”

सांगायला लागलोच आहे तर दुसरं एक राहिलंय. राहिलं नाही, ठेवलंय.

तुझी आई आजारी होती तेव्हा तुझी शेवटची परीक्षा होती. तू फोन करायचीस, मी म्हणायचो, बरी आहे, थोडा ताप आहे, झोपली आहे. तू आलीस ती तिसऱ्या दिवशी आलीस, सगळं झाल्यावर. तेव्हा मी तुला सांगितलं की तिनेच मला अडवलं, ‘पोरीची परीक्षा आहे, तिला कळवू नका’ असं तीच म्हणाली. जाताना दारात एवढंच म्हणालीस, “तोंडी तुम्ही फिरवता. यापुढे जे सांगायचं ते लिहून सांगा.” तुला शंका होती हे मला तेव्हाच समजलं.

ती तसं म्हणाली नव्हती. ती रोज विचारायची. मी तिला सांगायचो की तू निघाली आहेस.

दोघींना वेगवेगळं सांगितलं. दोघींना त्रास होऊ नये म्हणून. मला वाटलं होतं ती वाचेल आणि मग सगळंच जुळून जाईल.

याचा फुलांशी काही संबंध नाही. हे समितीला देऊ नकोस.

बाबा


१९ सप्टेंबर

चि. खारू,

तुझी चिठ्ठी मिळाली. ‘बावीसला सकाळी दहाला या. तोंडी सांगावं लागेल. कॅन, झाकण, बादली घेऊन या.’ सोळा तारखेच्या पत्राबद्दल एक अक्षर नाही. पोचलं नसेल. किंवा पोचलं असेल.

मी येतो. एकवीसला सकाळच्या गाडीने निघतो. तुमच्या कॉलेजच्या फाटकावर पहारेकऱ्याला काय सांगायचं? बादली घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला तो मागच्या दाराने पाठवेल. कॅन गाडीत सांडला तर? मी त्याचं तोंड तीनदा बांधलं आहे. कंडक्टरने विचारलं तर औषध म्हणू की साबण म्हणू? औषध म्हणतो. साबण म्हटलं तर परत तेच झालं.

शिंपीणबाईंनी कॅनला जाड कापडाची पिशवी शिवून दिली, कालच्या कालच. मी सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा आपलं बोट बघितलं.

“म्हणजे मी ते बोट हत्यारांच्या औषधात बुडवलं होतं?”

“हो.”

“आणि मी चार बायकांना सांगितलं, झेंडू लावा.” बराच वेळ सुई चालवत राहिल्या. मग म्हणाल्या, “आता चौघींकडे जाऊन मलाही सांगावं लागणार. तुमच्यामुळे, भाऊ, मेलं माझंपण तोंड उघडायचं झालं.”

दुसऱ्या पिशवीत लॉट एकोणीस आणतो आहे, नुसत्या पाण्याने धुतलेला. दोन ताटांत बुरशी धरली, ती फुलं वेगळी बांधली आहेत. उपयोग होईल की नाही माहीत नाही.

माझी तोंडी बोलायची धास्ती तुला माहीत आहे. तू समोर नसलीस तर बरं.

बाबा


२४ सप्टेंबर
तुझ्या खोलीतून

चि. खारू,

तू आठला गेलीस. टेबलावर तुझे कोरे कागद होते, त्यातले तीन घेतले.

परवा तुला बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत नेलं. आत काय झालं ते तू अजून विचारलं नाहीस, म्हणून लिहितो.

पाच जण होते. मधे पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई. म्हणाल्या, “काका, आधी पाणी घ्या.” घेतलं. माझी दोन पत्रं समोर होती. तीन तारखेचं मला मोठ्याने वाचायला लावलं. ‘काही केलेलं नाही’पर्यंत वाचलं आणि थांबलो.

“हे खोटं आहे,” मी म्हटलं.

“आणि चौदा तारखेचं?”

“ते खरं आहे.”

कोपऱ्यात एक सोनेरी काडीचा चष्मा लावलेले गृहस्थ होते. ते म्हणाले, “कशावरून? लेकीची नोकरी जाते म्हटल्यावर कुठलाही बाप असं पत्र लिहील.”

खारू, याचा मी विचारच केला नव्हता. गाडीत सहा तास मी हेच घोकत होतो की खरं कसं सांगायचं. ते सांगूनही खोटं वाटेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. रागही आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर हेच विचारलं असतं.

मी म्हटलं, “माझ्यावर विश्वास ठेवू नका. पाणी कालवून दाखवतो.”

मग बादली मांडली. त्यात नळाचं पाणी, नेहमीच्या खुणेपर्यंत. पहिलं झाकण हातातून सांडलं. चष्मेवाले म्हणाले, “सावकाश.” त्यांनी झाकणातलं औषध काचेच्या नळीत ओतून मोजलं, पंचवीस मिली भरलं, लिहून घेतलं, परत माझ्या हातात दिलं. मी दोन झाकणं घातली. फेस आला. सगळे वाकून बघत होते. अध्यक्षबाईंनी विचारलं, “एकच झाकण का नाही?” मी सांगितलं, दवाखान्यात एकाने काम व्हायचं, पण तिथे मला भीती नव्हती.

हेही त्यांनी लिहून घेतलं. कशाला ते कळलं नाही.

त्यांनी ती दुसऱ्या बागेची फुलं आणली. निम्मी माझ्या पाण्यात अर्धा तास, निम्मी साध्या पाण्यात. दोन्ही तुमच्या गरम कपाटात वाळवली. अर्क सरांनी काढला, चकत्या ठेवल्या त्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी. त्यांचे हात फार स्थिर आहेत. मी त्यांच्याबद्दल लिहिलं होतं ते त्यांनी वाचलेलं असणार, पण मला खुर्ची त्यांनीच आणून दिली.

काल संध्याकाळी ताटल्या उघडल्या तेव्हा तू होतीस. तुझ्या हातातली पट्टी मी बघत होतो. साध्या पाण्याच्या फुलांना वर्तुळच नाही. माझ्या पाण्याच्या फुलांना बावीस मिलिमीटर. तुझ्या वहीत सातव्या लॉटला एकवीस लिहिलेलं. चष्मेवाल्यांनी पट्टी तुझ्याकडून घेऊन स्वतः परत मोजलं आणि वही मिटली. म्हणाले, “आकडे खरे आहेत.”

मला वाटलं, संपलं. आता तुला सोडतील. पण अध्यक्षबाईंनी तुलाच विचारलं, “पहिल्या पाच लॉटना वर्तुळ पडलं नव्हतं, ते तुमच्या छापलेल्या लेखात का नाहीत?”

तू उभी होतीस. टेबलाच्या कडेला बोटं टेकून. तुझी आई अशीच उभी राहायची.

“मी वगळले,” तू म्हणालीस. “वाळवण नीट झालेलं नाही असं मानलं.”

“तपासलंत?”

“नाही.”

“का नाही?”

“सातवा चांगला आला म्हणून.”

मला खोलीबाहेर जावंसं वाटलं, पण जाता आलं असतं तरी गेलो नसतो. तू एका वाक्यात सांगून टाकलंस. ना मातीवर ढकललंस, ना वयावर, ना माझ्यावर. मला तेवढ्यालाच अकरा दिवस आणि चार पत्रं लागली.

त्यांचा निर्णय तुला माहीत आहे. तरी मी ऐकलं ते लिहितो, मी बरोबर ऐकलं का ते बघ. खोटेपणा नाही, निष्काळजीपणा आहे. लेख मागे घ्यायचा. मलमाचं काम बंद, वॉर्डात काही लावायचं नाही. एक वर्ष तू सरांच्या देखरेखीखाली काम करायचं, स्वतःच्या नावाने काही छापायचं नाही. नोकरी राहिली. आणि तो दुसरा प्रयोग, जांभळं पाणी फुलांच्या अर्काने पिवळं पडतं तो, चालू ठेवायचा, कारण पहिल्या लॉटलाही ते पिवळं पडलं होतं, त्या दुसऱ्या बागेच्या फुलांनाही पडतं आणि माझ्या एकोणिसाव्यालाही पडलं. नुसत्या औषधाच्या पाण्याने मात्र ते जांभळंच राहिलं, हे तू मला परतताना रस्त्यात सांगितलंस. मी विचारलं, “म्हणजे ते फुलाचंच आहे?” तू म्हणालीस, “अँटिऑक्सिडंट म्हणतात त्याला. हो, ते फुलाचंच आहे.” मलम बंद झालं म्हणजे चार वर्षं गेली, हे मला समजतं. आकडेमोड मला तेवढी येते.

घरी आल्यावर तू भांडी घासायला घेतलीस. मी पुसत होतो. तू माझ्याकडे न बघता विचारलंस, “आई खरंच रोज विचारायची?”

म्हणजे सोळाचं पत्र पोचलं होतं.

“रोज.”

“काय म्हणायची? शब्द सांगा. फिरवू नका.”

“म्हणायची, खार निघाली का?”

“आणि तुम्ही?”

“निघाली म्हणायचो. पुढे पुढे गाडीचं नावही सांगायला लागलो होतो.”

नळ चालू होता. तू बराच वेळ तो बंद केला नाहीस, आणि एकच ताट धूत राहिलीस. मग ते माझ्याकडे दिलंस. मी पुसलं. तू माफ केलंस असं मी समजत नाही. तुझ्या चेहऱ्यावरून मला काही वाचता येत नाही, पूर्वी यायचं. पण तू ताट खाली आपटलं नाहीस, हातात दिलंस, एवढं मी बघितलं. त्याचा काय अर्थ लावायचा ते मला माहीत नाही आणि मी लावत बसणारही नाही. बसलो होतो खरं तर, सकाळपासून.

आता एक अडचण झाली आहे. माझी गाडी अकराची. पिशवी भरून दाराशी ठेवली, बादली विसळून ठेवली. निघताना बघतो तर तुझं दार नुसतं ओढून लागत नाही, बाहेरून किल्लीच फिरवावी लागते. किल्ली टेबलावर आहे. एकच आहे. लावून कुठे ठेवायची ते तू सांगितलं नाहीस. पायपुसण्याखाली ठेवू का, तर जिन्यात माणसं ये-जा करतात. समोरचं दार ठोठावलं, कोणी उघडलं नाही. बरोबर घेऊन जावी तर तू संध्याकाळी बाहेर उभी राहशील. खालच्या दुकानातून फोन करून तुला विचारता येईल, नंबर पाठ आहे. दोनदा जिना उतरलो आणि परत आलो.

तू घाईत विसरलीस. सकाळी तू घाईत होतीस, चहाही अर्धाच घेतलास. विसरणंच शक्य आहे. पण तू कुलूप, गॅस, नळ यातलं काही विसरणारी नाहीस, ते माझ्याकडूनच आलंय तुला. म्हणून मला कळत नाही. आणि फोन करून विचारलं तर तू म्हणशील, ‘अहो, पायपुसण्याखाली ठेवा,’ आणि मग मला निघावंच लागेल.

सव्वाअकरा झाले. गाडी गेली असेल. पिशवी दारातून उचलून खाटेखाली सरकवली आहे.

बाबा